नियतकालिक व्यवसाय : तांत्रिक परिवर्तन

नियतकालिक व्यवसाय : तांत्रिक परिवर्तन. ठराविक कालावधीने, एकाच नावाने व क्रमांकाने प्रसिद्ध होणाऱ्या साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, त्रैमासिक, वार्षिक इ. प्रकाशनांचे संपादन, मुद्रण, वितरण व विक्री यांचा समावेश नियतकालिक व्यवसायात होतो. मजकूर लिहिणे आणि निवडणे हे या व्यवसायाचे वाङ्‌मयीन अंग होय. तथापि अंक किती पानांचा असावा, तो कोणत्या दिवशी निघावा, त्यात चित्रे किती असावीत आणि तो कोणत्या गावापर्यंत पोहोचावा, या गोष्टी बव्हंशी तत्कालीन तंत्रावर अवलंबून असतात. म्हणून छपाई, कागद, वाहतूक व संदेशवहन यांत बदल झाला की नियतकालिकांचे अर्थकारण बदलते आणि त्याबरोबर वाचकवर्ग व मजकुराचे स्वरूपही पालटते. प्रस्तुत नोंदीत या परिवर्तनाचे विवेचन मराठी नियतकालिकांच्या आधारे केले असून, मुद्रणकेंद्रांपासून दूर असलेल्या प्रदेशावर त्याचे काय परिणाम झाले हे स्पष्ट करण्यासाठी विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याची उदाहरणे घेतली आहेत.

व्यवसायाचे अर्थकारण : नियतकालिकाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला भाग संपादन, लेखकांचे मानधन, मजकुराची जुळणी, ठसे व मुद्रिते तपासणे यांचा. हा खर्च अंकाच्या शंभर प्रती काढल्या काय किंवा दहा हजार काढल्या काय, सारखाच राहतो. दुसरा भाग कागद, शाई, बांधणी व टपालहशील यांचा. तो प्रतींच्या संख्येप्रमाणे वाढतो. उदाहरणादाखल, पहिल्या भागाचा खर्च २०,००० रुपये आणि दुसऱ्या भागाचा प्रत्येक प्रतीस २० रुपये धरला, तर ५०० प्रतींच्या अंकाची एक प्रत ६० रुपयांस पडते. ५,००० प्रती काढल्यास तीच २४ रुपयांत निघते. लहान मासिकांची चिरंतन ओढाताण या साध्या गणितात आहे. प्रत्येक नवे तंत्र या दोहोंपैकी एका भागाचे मान बदलते आणि त्यामुळे कोणते नियतकालिक टिकू शकेल याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. उत्पन्नाच्याही दोन बाजू आहेत : वाचकाची वर्गणी व जाहिरातदाराचा पैसा. अमेरिकेत १८९३ मध्ये ‘मन्सीज मॅगझिन’ या मासिकाने अंकाची किंमत दहा सेंटपर्यंत खाली आणली व मोठ्या खपाच्या बळावर जाहिरातींतून उत्पन्न मिळवले. वाचकाला अंक खर्चापेक्षा कमी किमतीत विकावयाचा आणि वाचकाचे लक्ष जाहिरातदाराला विकावयाचे, ही पद्धती तेव्हापासून रूढ झाली. ती जितकी फायद्याची, तितकीच परावलंबी आहे. कारण जाहिरातदाराला अधिक चांगले साधन मिळताच तो तिकडे वळतो.

शिळामुद्रण व खिळाछाप : मराठीत ⇨ बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. त्याच सुमारास मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर पंचांग काढले होते (१८३१). शिळामुद्रणात अक्षरे हाताने लिहिता येत असल्याने ओतीव खिळ्यांची गरज भासत नसे. परंतु नियमित व मोठ्या मजकुरासाठी खिळाछाप अधिक सोयीचा ठरला. देवनागरीची अडचण अशी, की काना, मात्रा, वेलांट्या, रफार व जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या रोमन लिपीच्या कित्येक पटींनी वाढते. जुळाऱ्यापुढे काही शे घरांच्या पेट्या मांडलेल्या असत आणि पान छापून झाल्यावर प्रत्येक खिळा परत आपल्या घरात टाकावा लागे. जावजी दादाजी यांनी सुबक देवनागरी खिळे तयार केले व निर्णयसागर छापखाना काढला (१८६९). त्यामुळे मराठी व संस्कृत मुद्रणास नवे वळण मिळाले. ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७), विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४–८१), वि. कों. ओक यांचे ‘बालबोध’ (१८८१) ही मासिके या खिळाछापाच्या युगातील होत. ‘निबंधमाले’चे ८४ अंक निघाले. एका लेखकाच्या लेखणीवर चालणारे असे मासिक आर्थिक दृष्ट्या शक्य झाले, कारण त्यात चित्रे नव्हती व पाने मोजकी होती. निबंधाची लांबी व त्याची क्रमशः प्रसिद्धी यांवर छापखान्याच्या फर्म्याचे बंधन होते, ही गोष्ट वाङ्‌मयेतिहासात सहसा लक्षात घेतली जात नाही.

रेल्वे, टपाल व दूरचा वाचक : मुद्रणाइतकेच वितरणाचे तंत्र महत्त्वाचे असते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून नागपूरकडे जाणारा फाटा १८६७ मध्ये पूर्ण झाला. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव ही स्थानके याच मार्गावर आहेत. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ. ती १८७० मध्ये जलंबहून शाखामार्गाने जोडली गेली. हे लोहमार्ग कापूस मुंबईस नेण्यासाठी घातले गेले. पण परतीच्या गाड्यांतून टपालाच्या थैल्या व त्यांतून पुण्या-मुंबईचे अंक वऱ्हाडात येऊ लागले. तथापि ही सोय सर्वांस सारखी मिळाली नाही. लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडील सखल पट्ट्यातून जातो. घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या गावांना अंक स्थानकावरून सडकेने चढवून न्यावे लागत. त्यामुळे एकाच जिल्ह्यात ‘घाटाखाली’ व ‘घाटावर’ अशा दोन वाचनवेळा निर्माण झाल्या.

या काळातील एक उदाहरण उद्‌बोधक आहे. सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्रातून स्त्रियांवर टीका करणारे लेखन प्रसिद्ध झाले. त्यास बुलढाण्याच्या ⇨ ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तकाने उत्तर दिले. पुस्तक पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले व त्याच्या ५०० प्रती निघाल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’ या आपल्या अनियतकालिक पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात (१८८५) त्याचा कैवार घेतला. लेखिका वऱ्हाडातील, ज्या लेखनाला उत्तर द्यावयाचे ते पुण्याचे आणि छापखानाही पुण्याचा, अशी ही स्थिती होती. वाचनाचे तंत्र जिल्ह्यापर्यंत पोहोचले होते. प्रसिद्धीचे तंत्र मात्र केंद्रातच राहिले होते. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले व १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. ज्या वादातून ते जन्मले त्यातील वृत्तपत्रीय मजकूर मात्र आज सामान्य वाचकास सहजी उपलब्ध नाही. नियतकालिकांच्या जतनाचा प्रश्न किती मूलगामी आहे, हे यावरून दिसते.

लहान, पायाने चालणाऱ्या मुद्रणयंत्रांमुळे ही केंद्राभिमुखता काही प्रमाणात कमी झाली. नगर जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक पत्र दीर्घकाळ चालविले. शहरातील छापखान्याच्या मर्जीवर अवलंबून न राहता ग्रामीण समाजाला स्वतःचे मत छापता येते, हे या प्रयत्नाने दाखवून दिले.

चित्रमुद्रण व जाहिरात : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्धच्छटा ठशांचे तंत्र रूढ झाल्यावर छायाचित्रे व रंगचित्रे मासिकांत येऊ लागली. का. र. मित्र यांचे ‘मनोरंजन’ (१८९५) हे या तंत्राचा कुशलतेने उपयोग करणारे मासिक होय. त्याने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. वर्षभराच्या जाहिरातींचा मोठा वाटा सणाच्या एका अंकात एकवटण्याची ही कल्पना मराठी नियतकालिक व्यवसायाचा कणा ठरली. अनेक मासिकांचा वर्षाचा तोटा दिवाळी अंक भरून काढीत आला आहे. किर्लोस्करवाडी येथून १९२० मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात कारखान्याचे वार्तापत्र होते. शं. वा. किर्लोस्कर यांनी त्याचे रूपांतर सर्वसामान्य वाचकांच्या मासिकात केले आणि पुढे ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके काढली. नांगर खपविण्यासाठी उभारलेली यंत्रणा विचारप्रसाराचे साधन बनली, हे व्यवसायाच्या इतिहासातील विशेष उदाहरण होय. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकाने पानाला खिडकी कापून तिच्यामागे दुसरे चित्र दडविण्याची क्लृप्ती लोकप्रिय केली. येथे छपाईचे कसबच विनोदाचा भाग झाले.

नवी साधने नियतकालिकांची स्पर्धकही होतात आणि साहाय्यकही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३०–४० या दशकाच्या आरंभी गजानन वाटवे यांच्या पूर्वसूरींपैकी एक असलेल्या गो. ना. जोशी यांनी ध्वनिमुद्रिकेवर गायिली आणि घरोघरी पोहोचली. एरवी मासिकाच्या पानावर काही शे वाचकांपुरती राहणारी कविता ध्वनिमुद्रिकेमुळे अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंत गेली. उलट, मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले व १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती घेण्यात येऊ लागल्या, तेव्हा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या जाहिरातींचा ओघ हळूहळू तिकडे वळला. अमेरिकेत ‘लाइफ’ या गाजलेल्या चित्रसाप्ताहिकाने लाखोंचा खप असतानाच १९७२ मध्ये प्रकाशन थांबविले. खप मोठा असणे म्हणजे व्यवसाय सुरक्षित असणे नव्हे, हा त्यातील धडा आहे.

कागद : कागदाचा पुरवठा हा या व्यवसायावरील सर्वांत कठोर नियंत्रक होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागद नियंत्रणामुळे पाने घटवावी लागली. स्वातंत्र्योत्तर काळात सातपुड्याच्या परिसरात, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या बऱ्हाणपूर भागात, नेपानगर येथे देशातील पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला. तो १९५६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंनी राष्ट्रास अर्पण केला. सलई व बांबू हा त्याचा आरंभीचा कच्चा माल होता. आयात कागदाचे वाटप शासनाकडे असल्याने पानांच्या संख्येवरही मर्यादा आल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये बेनेट कोलमन प्रकरणात या मर्यादा अवैध ठरविल्या. कागद मिळणे हा केवळ व्यापाराचा नव्हे, तर मुद्रणस्वातंत्र्याचा प्रश्न आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. नेपानगरचा कारखाना आधुनिकीकरणासाठी काही वर्षे बंद राहून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला.

चक्रमुद्रित व ऑफसेट : १९५५ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे व रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित स्वरूपात काढले. मेणकागदावर टंकलेखन करून थोड्या प्रती काढण्याचे हे कार्यालयीन तंत्र. त्यास ना जुळारी लागतो, ना ठसे. आरंभीच नमूद केलेल्या हिशेबातील पहिला भाग त्यामुळे जवळजवळ नाहीसा झाला. प्रस्थापित मासिकांच्या संपादकीय निवडीबाहेरचे लेखन शे-दोनशे प्रतींत प्रसिद्ध करणे तरुणांच्या आवाक्यात आले आणि त्यातून साठोत्तरी लघुनियतकालिकांची चळवळ बहरली. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे : तंत्राने बंडखोरी निर्माण केली नाही, ती अस्वस्थता समाजात होतीच, तंत्राने तिला स्वस्त वाट दिली. मराठी नवसाहित्याचे व्यासपीठ ठरलेले ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद पडले. ते केवळ यंत्रांमुळे घडले असे म्हणता येत नाही. वाचक, लेखक व व्यवसाय या तिन्हींचे परस्परसंबंध तोवर बदलले होते.

याच सुमारास खिळाछाप मागे पडून ऑफसेट मुद्रण सार्वत्रिक होऊ लागले. त्यात मजकूर व चित्र यांचे छायाचित्र पातळ धातुपत्र्यावर उतरवून तेथून रबरी आवरणामार्फत कागदावर उमटविले जाते. चित्रासाठी वेगळा ठसा करण्याचा खर्च वाचल्याने सचित्र अंक स्वस्त झाले. मुलांच्या मासिकांना याचा विशेष लाभ झाला. ‘चांदोबा’ (१९५२) हे अनेक भारतीय भाषांत निघत असे व सर्व आवृत्त्यांत चित्रे समान असत. चित्रांचा खर्च सर्व भाषांत विभागला जाई. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाच्या ‘किशोर’ (१९७१) मासिकाने शासकीय यंत्रणेच्या आधारे खेड्यांतील शाळांपर्यंत सचित्र वाचन नेले.

संगणकीय जुळणी : १९८५ च्या सुमारास व्यक्तिगत संगणक, लेसर मुद्रक व पृष्ठरचनेची आज्ञावली यांच्या संयोगातून ‘डेस्कटॉप’ प्रकाशनाचे तंत्र उदयास आले. भारतीय लिप्यांसाठी पुणे येथील सी-डॅक संस्थेने आणि ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ यांसारख्या आज्ञावलींनी ते सुलभ केले. जिल्ह्याच्या, पुढे तालुक्याच्या गावीही एका खोलीत अंकाची जुळणी होऊ लागली. शंभर वर्षांपूर्वी पुण्यास जे करून घ्यावे लागे, ते खामगाव वा चिखलीसारख्या ठिकाणी शक्य झाले. याची दुसरी बाजूही आहे. जुळाऱ्यांचे व ठसे करणाऱ्यांचे कसब निरुपयोगी ठरले. मुद्रिते तपासण्याची शिस्त सैल होऊन शुद्धलेखनाचा दर्जा अनेक ठिकाणी खालावला.

आणखी एक दोष उशिरा लक्षात आला. या आज्ञावलींतील प्रत्येक टंकाची सांकेतिक रचना वेगळी होती. एका टंकातील ‘क’ दुसऱ्या टंकात भलतेच चिन्ह म्हणून उमटे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण (१९८८, सुधारित १९९१) व त्याच्या आधारे युनिकोडमधील देवनागरीची मांडणी (१९९१) उपलब्ध असूनही छपाईच्या व्यवसायात जुने टंक दीर्घकाळ वापरात राहिले. परिणामी १९९० ते २०१० या काळातील कित्येक अंकांच्या संगणकीय धारिका आज सरळ उघडत नाहीत किंवा त्यांत शब्द शोधता येत नाही. १८८० चा छापील अंक कसर व आम्लयुक्त कागद यांच्याशी झुंजत वाचता तरी येतो. १९९५ चा संगणकीय अंक यंत्राअभावी मुका होतो.

महाजाल : ‘मायबोली’ या संकेतस्थळाने (१९९६) परदेशस्थ मराठी भाषकांना एकत्र आणले व पुढे महाजालावर दिवाळी अंक काढले. ‘अक्षरनामा’ (२०१६) हे केवळ महाजालावरील नियतकालिक म्हणून सुरू झाले. साने गुरुजींनी १९४८ मध्ये स्थापिलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाने छापील अंकाबरोबर ‘कर्तव्य साधना’ (२०१९) हे स्वतंत्र अंकीय व्यासपीठ उभारले. महाजालावर हजारावी प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. कागद व टपालहशील दोन्ही वाचतात. परंतु संपादनाचा खर्च तसाच राहतो आणि तो भरून काढणारी वर्गणी व जाहिरात दोन्ही अनिश्चित होतात. जाहिरातींचे उत्पन्न मोठ्या शोधयंत्रांकडे व समाजमाध्यमांकडे गेले. वाचकाला फुकट वाचनाची सवय लागली. ‘न्यूजवीक’ने २०१२ च्या अखेरीस छापील अंक बंद केला व २०१४ मध्ये पुन्हा सुरू केला. यावरून परिवर्तन नेहमी एकाच दिशेने होते असे नाही, हेही दिसून येते.

२०२० मधील टाळेबंदीत टपाल व विक्रेत्यांची साखळी खंडित झाल्याने छापील मासिकांना मोठा फटका बसला. कायद्याच्या क्षेत्रातही बदल झाला : मुद्रणालये व पुस्तक नोंदणीच्या १८६७ च्या अधिनियमाची जागा २०२३ च्या नियतकालिक नोंदणी अधिनियमाने घेतली आणि १ मार्च २०२४ पासून नोंदणी संगणकीय पद्धतीने होऊ लागली. पूर्वी प्रकाशकाला जिल्हादंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापन करावे लागे.

जिल्ह्यातील वाचक व जतन : २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सु. २५.८६ लाख असून तीपैकी सु. चार-पंचमांश ग्रामीण होती. अशा प्रदेशात मासिकाचा एक अंक एका कुटुंबापुरता नसतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये (१९६७) अनुदान मिळणारी ग्रंथालये वर्तमानपत्रे व नियतकालिके घेतात व एक अंक अनेकांच्या हाती फिरतो. दिवाळी अंकांच्या योजना तर कित्येक ग्रंथालयांचा सभासदवर्ग टिकवून धरतात. भ्रमणध्वनीवरील वाचन वैयक्तिक असते. वाचनालयाच्या टेबलावरचा अंक हे सामायिक वाचन असते. आपण शोधत नसलेला लेख वाचनात येणे हा त्याचा विशेष लाभ होय.

शंकर गणेश दाते सूचिमंडळाने १८००–१९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची सिद्ध केली. ‘साधना’, ‘किशोर’ यांसारख्यांचे जुने अंक महाजालावर उपलब्ध झाले आहेत. तालुक्याच्या गावाहून निघणारी लहान साप्ताहिके व शाळा-महाविद्यालयांची वार्षिके मात्र क्वचितच कोणी जपून ठेवतो. सणापुरती निघालेली, चार-सहा अंकांनंतर थांबलेली ही प्रकाशनेच स्थानिक बोली, बाजारभाव, दुष्काळ व वाद यांचा प्रत्यक्ष पुरावा असतात. अंकांची प्रतिमा उतरविणे, मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि एक छापील प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवणे ही तिन्ही कामे आज अल्प खर्चात होऊ शकतात. तंत्राने प्रसिद्धी सोपी केली आहे. जतन मात्र तंत्र आपोआप करीत नाही. ते ग्रंथालये, संपादक व वाचक यांना जाणीवपूर्वक करावे लागते, आणि नियतकालिक हे समाजाच्या स्मृतीचे साधन राहील की केवळ क्षणिक करमणुकीचे, हे त्यावरच अवलंबून आहे.